प्रशिक्षणाच्या नोंदवहीचा इतिहास : जे. जे.चं ग्लिसरॉल ते वाळूजची पॅकिंग लाइन

सरकारी रुग्णालयात फुकट मिळणाऱ्या औषधाच्या एका बाटलीमागे किती कागद असतात, याचा कधी विचार केलाय? टेंडर भरणारी कंपनी तांत्रिक लिफाफ्यात उत्पादन परवाना, डब्ल्यूएचओ-जीएमपी प्रमाणपत्र, मागच्या काही वर्षांची उलाढाल, काळ्या यादीत नसल्याचं प्रतिज्ञापत्र असं बरंच काही जोडते. दर दुसऱ्या लिफाफ्यात असतो. पहिला लिफाफा पास झाला तरच दुसरा उघडतो. या पहिल्या लिफाफ्यात एक कागद सहसा नसतो, पण बाकीचे कागद त्याच्या जोरावर उभे असतात. तो म्हणजे कामगारांच्या प्रशिक्षणाची नोंद.

कसं ते बघा. प्रमाणपत्र हवं असेल तर कारखान्याची तपासणी होते. निरीक्षक यंत्रं बघतो, पाण्याची व्यवस्था बघतो, आणि मग लाइनवर उभ्या असलेल्या एखाद्याकडे बघून विचारतो, "यांचं ट्रेनिंग रेकॉर्ड दाखवा." फाइल येते. त्यात नाव, कार्यपद्धतीचा म्हणजे एसओपीचा क्रमांक, तिची आवृत्ती, तारीख, शिकवणाऱ्याची सही, शिकणाऱ्याची सही आणि छोट्याशा प्रश्नपत्रिकेचे गुण. लाइनवर एसओपीची तिसरी आवृत्ती लागलेली आणि सही मात्र दुसऱ्या आवृत्तीवर असेल, तर लेखी शेरा बसतो. असे शेरे साचले की प्रमाणपत्र अडतं, आणि प्रमाणपत्र अडलं की लिफाफा बाद. म्हणजे एका मोठ्या सरकारी कंत्राटाचा भार शेवटी कुठे येतो, तर बजाजनगरात तिघा-चौघांत खोली करून राहणाऱ्या, सकाळच्या शिफ्टला धावणाऱ्या एखाद्या मुलाच्या किंवा मुलीच्या सहीवर.

विज्ञान शाखेतून संशोधनाकडे वळणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांना ही फाइल 'क्यूएवाल्यांची कटकट' वाटत असेल. पण तिच्याकडे इतिहासाचं साधन म्हणून बघितलं तर चांगला प्रश्न हाती लागतो. ही सही कधीपासून लागायला लागली? त्याआधी 'प्रशिक्षित माणूस' कशावरून ओळखत होते? आणि सही आली म्हणून ज्ञान आलं का?

पदवी पुरेशी होती तेव्हा

भारतात औषधांच्या दर्जाबद्दल पहिली मोठी चौकशी कर्नल आर. एन. चोप्रा यांच्या समितीनं १९३०-३१ मध्ये केली. पुढे १९४० मध्ये औषध कायदा आला आणि १९४५ मध्ये त्याचे नियम. या नियमांनी उत्पादकावर एक अट घातली की औषध सक्षम तांत्रिक माणसाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली तयार झालं पाहिजे. सक्षम कोण? फार्मसीची पदवी आणि १८ महिन्यांचा अनुभव, किंवा रसायनशास्त्र मुख्य विषय असलेली विज्ञानाची पदवी आणि ३ वर्षांचा अनुभव, वगैरे. मराठवाड्यातून बी.एस्सी. करून वाळूज किंवा चिकलठाण्याला नोकरीला लागलेली मुलं ज्याला 'एफडीए अप्रूव्हल' म्हणतात, त्याचं मूळ या जुन्या कल्पनेत आहे.

या व्याख्येत दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, ज्ञान एकाच माणसात आहे असं ती धरून चालते. वर देखरेख करणारा शिकलेला, म्हणजे खालचे सगळे नीट काम करणार. दुसरी, ज्ञान एकदा मिळालं की मिळालं. पदवीला मुदत नसते. १९५० मध्ये पास झालेला रसायनतज्ज्ञ १९८० मध्येही कायद्यासमोर तितकाच सक्षम.

ही कल्पना तेव्हा अगदीच चुकीची नव्हती, कारण नियमही सावकाश बदलत होते. भारतीय औषधकोश, म्हणजे इंडियन फार्माकोपिया, याच्या आवृत्त्यांची सालं एका ओळीत लिहून बघा : १९५५, १९६६, १९८५, १९९६, २००७, २०१०, २०१४, २०१८, २०२२. आता मधली अंतरं काढा : ११, १९, ११, ११, ३, ४, ४, ४ वर्षं. मधल्या पुरवण्या यात धरलेल्या नाहीत, तरी चित्र स्पष्ट आहे. १९६६ च्या आवृत्तीवर शिकलेला माणूस जवळपास अर्धी नोकरी त्याच पुस्तकावर काढू शकत होता. २००७ नंतर नोकरीला लागलेल्याला तसं करता येणार नाही. ज्ञानाची मुदत कमी झाली, हे समजायला कधीकधी नुसती सालांची वजाबाकी पुरते. स्वतःच्या विषयातही हा प्रयोग करून बघा.

जिभेला आणि डोळ्याला न कळणारं विष

आता थोडं रसायनशास्त्र. ग्लिसरॉल हा गोड, दाट, रंगहीन द्रव. सिरपमध्ये तो सर्रास वापरतात. डायइथिलीन ग्लायकॉल, म्हणजे डीईजी, हाही गोड, दाट, रंगहीन द्रव. तो उद्योगात द्रावक म्हणून वापरतात आणि तो स्वस्त असतो. शुद्ध स्वरूपात दोघांची घनता वेगळी आहे, ग्लिसरॉलची सुमारे १.२६ आणि डीईजीची सुमारे १.१२. पण ड्रमचं झाकण उघडून आत बघणाऱ्याला किंवा वास घेणाऱ्याला फरक कळत नाही, आणि दोन्ही एकमेकांत मिसळलेले असतील तर मुळीच नाही. शरीरात गेल्यावर मात्र डीईजीपासून डायग्लायकॉलिक आम्ल तयार होतं आणि मूत्रपिंडं निकामी होतात. लघवी बंद होते आणि काही दिवसांत मृत्यू येतो.

हे जगाला १९३७ मध्ये अमेरिकेत कळलं. एका कंपनीनं सल्फानिलामाइड हे औषध द्रवरूपात देण्यासाठी डीईजीमध्ये विरघळवलं. १०५ माणसं गेली, त्यात बरीच मुलं होती. त्या वेळच्या अमेरिकन कायद्यात औषध विकण्याआधी ते सुरक्षित आहे हे दाखवण्याची सक्तीच नव्हती. सरकारला कारवाई करता आली ती नावावरून, कारण 'एलिक्झर' म्हटलं की त्यात अल्कोहोल असलं पाहिजे आणि यात ते नव्हतं! पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, तिथला कायदा बदलला.

आपल्या विषयाच्या दृष्टीनं यातला मुद्दा असा. हे औषध बनवणारा माणूस शिकलेला रसायनतज्ज्ञ होता. काय कशात विरघळतं ते त्याला माहीत होतं. चव, रंग, वास तपासले गेले होते. जे तपासायला हवं होतं ते तपासण्याची पद्धतच त्या कारखान्यात नव्हती. पदवी होती, पण कामाची शिस्त लिहिलेली नव्हती.

मुंबई, १९८६

महाराष्ट्रातलं उदाहरण याहून जवळचं आहे आणि ते थेट सरकारी खरेदीचं आहे. जानेवारी-फेब्रुवारी १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. मेंदूतला किंवा डोळ्यातला दाब कमी करण्यासाठी तेव्हा ग्लिसरॉल तोंडावाटे देत असत. ही नेहमीची उपचारपद्धती होती. पण या वेळी ग्लिसरॉल पोटात गेलेल्या रुग्णांची मूत्रपिंडं एकामागून एक बंद पडू लागली. तपासणीत त्या ग्लिसरॉलमध्ये डीईजी सापडलं, सुमारे १८.५ टक्के. औषधी दर्जाच्या नावाखाली औद्योगिक दर्जाचा माल आला होता.

न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगानं याची चौकशी केली. त्या चौकशीचं महत्त्व असं, की ती एका भेसळखोर पुरवठादारापाशी थांबली नाही. रुग्णालयाची खरेदी, औषध प्रशासनाचे परवाने आणि तपासण्या, राजकीय हस्तक्षेप अशी साखळीच तिनं उघडी केली.

आता या साखळीकडे 'कोणाला काय माहीत असायला हवं होतं?' या प्रश्नातून बघा. भांडारातल्या माणसाला औषधी आणि औद्योगिक दर्जातला फरक आणि लेबल कसं वाचायचं ते. खरेदी करणाऱ्याला पुरवठादाराचा परवाना नेमका कशासाठी आहे ते. प्रयोगशाळेतल्याला डीईजीची चाचणी कशी आणि केव्हा करायची ते. वॉर्डातल्याला दोन रुग्णांमध्ये सारखीच अनपेक्षित लक्षणं दिसली की कोणाला कळवायचं ते. यातली एकही गोष्ट फार खोल विज्ञानाची नाही. बारावीचं रसायनशास्त्र आणि नीट वाचायची सवय पुरेशी आहे. पण हे ज्ञान एका सक्षम माणसाच्या डोक्यात असून भागत नाही. माल ज्या ज्या हातांतून जातो त्या प्रत्येक हाताला ते हवं. १९४५ च्या नियमांमागचं गृहीतक इथे तुटतं.

'नंतर' म्हणजे 'मुळे' नव्हे

आणि १९८८ मध्ये औषध नियमांत अनुसूची 'एम' आली. उत्तम उत्पादन पद्धती, म्हणजे जीएमपी, पहिल्यांदाच भारतीय नियमांचा भाग झाल्या. तुमच्या मनात लगेच वाक्य तयार झालं असेल : जे. जे. प्रकरणामुळे अनुसूची एम आली.

इथे थांबा. पीएचडीच्या पहिल्या वर्षात असं वाक्य लिहिण्याचा मोह फार होतो, कारण ते सुंदर बसतं. १९८६ ला मृत्यू, मग आयोग, मग १९८८ ला नियम. पण क्रम म्हणजे कारण नव्हे. इतर शक्यता बघा. अमेरिकेनं जीएमपीचे नियम १९६३ मध्येच केले होते. जागतिक आरोग्य संघटनेनं १९६० च्या दशकाच्या शेवटी जीएमपीचा मसुदा केला आणि १९६९ मध्ये औषधांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारासाठी प्रमाणपत्राची योजना सुचवली. १९७० च्या पेटंट कायद्यानंतर भारतीय औषध कंपन्या वाढल्या, निर्यात करू लागल्या. बाहेरचा खरेदीदार प्रमाणपत्र मागत होता. म्हणजे जे. जे. घडलं नसतं तरी हे नियम आले असते, असाही युक्तिवाद उभा राहतो.

मग ठरवायचं कसं? नियम एका रात्रीत होत नाहीत. मसुदा निघतो, हरकती मागवतात, औषध तांत्रिक सल्लागार मंडळाच्या बैठकीत चर्चा होते. त्या बैठकांची इतिवृत्तं, मसुद्याची अधिसूचना, संसदेतले प्रश्नोत्तरं बघायची. मसुद्याचं काम १९८६ च्या आधी सुरू झालेलं दिसलं तर 'मुळे' हा शब्द खोडायचा आणि 'त्यामुळे घाई झाली का?' असा नवा प्रश्न घ्यायचा. तोवर 'नंतर' लिहा. 'नंतर' लिहिण्यात कमीपणा नाही.

क्रियापद कुठे बदललं?

कायद्याचा मजकूर इतिहासाचं साधन म्हणून वाचताना नामांपेक्षा क्रियापदांकडे लक्ष द्या. माणसानं काय 'असावं' याऐवजी काय 'करावं' हे कधी आलं, ते शोधा.

जुन्या नियमात भर असण्यावर आहे. पदवी असावी, अनुभव असावा. २००१ मध्ये अनुसूची एम मोठ्या प्रमाणात बदलली. तिच्या कर्मचाऱ्यांविषयीच्या भागात उत्पादन विभागातल्या आणि प्रयोगशाळेतल्या सगळ्यांना त्यांच्या कामाला साजेसं प्रशिक्षण द्यावं, तेही लेखी सूचनेनुसार, आणि नोकरीत असताना ते नियमितपणे चालू ठेवावं, असं आलं. इथे दोन मोठे बदल आहेत. 'सक्षम तांत्रिक कर्मचारी' या चार माणसांच्या जागी 'सगळे' आले, आणि 'एकदा' च्या जागी 'नियमित'.

डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेनं अनुसूची एम पुन्हा बदलली. ती आता जागतिक आरोग्य संघटनेच्या जीएमपीच्या बरीच जवळ गेली आहे. गुणवत्ता प्रणाली, जोखमीचं व्यवस्थापन, उत्पादनाचा वार्षिक आढावा या गोष्टी आल्या. प्रशिक्षणाबाबत डब्ल्यूएचओच्या जीएमपीतली कल्पना अशी की लेखी कार्यक्रम असावा, नोंदी ठेवाव्यात आणि शिकवलेलं प्रत्यक्ष कामात उतरतंय का हे वेळोवेळी तपासावं. तिसरा बदल तो हा. शिकवलं एवढं दाखवून भागत नाही, शिकल्याचा परिणाम दाखवा. २५० कोटींहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांना या बदलासाठी सहा महिने मिळाले. लहान-मध्यम कंपन्यांना वर्षभर, आणि पुढे त्यांच्यासाठी मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढली.

मध्ये काय काय झालं तेही विसरू नका. १९९८ मध्ये दिल्ली परिसरात, २०१९-२० मध्ये जम्मूत, २०२२ मध्ये भारतात बनलेल्या सिरपमुळे गांबियात आणि उझबेकिस्तानात, आणि २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात मुलं दगावली. प्रत्येक वेळी तेच डीईजी किंवा त्याचा भाऊ इथिलीन ग्लायकॉल. १९३७ मध्ये ज्याचं उत्तर सापडलं होतं, तो प्रश्न ८८ वर्षांनीही परीक्षेत येतोय आणि आपण नापास होतोय.

कंत्राट राज्याचं, नोंदवही विक्रेत्याची

यात सरकारी खरेदी कुठे बसते? राज्य हा औषधांचा मोठा ग्राहक आहे, आणि ग्राहकाच्या अटींना कायद्यापेक्षा लवकर धार येते. कायदा मोडला तर कारवाईला वर्षं लागतात. टेंडरमधली अट पुरी झाली नाही तर लिफाफा त्याच दिवशी बाजूला जातो. म्हणून डब्ल्यूएचओ-जीएमपी प्रमाणपत्राची अट टेंडरमध्ये आली, की निर्यातीशी काही संबंध नसलेल्या कंपनीलाही प्रशिक्षणाची फाइल नीट ठेवावी लागते.

महाराष्ट्रात ही खरेदी पूर्वी वेगवेगळ्या विभागांकडून होत असे. २०१७ मध्ये ती हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळामार्फत एकत्र करण्याचा निर्णय झाला, आणि २०२३ मध्ये कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण उभं राहिलं. तमिळनाडूनं असं स्वतंत्र महामंडळ १९९४ मध्येच केलं होतं. खरेदी एका जागी आली की अटीही एकसारख्या होतात. तेव्हा प्रशिक्षणाची फाइल एका ग्राहकासाठी एक आणि दुसऱ्यासाठी दुसरी, असं चालत नाही.

पण टेंडरचा स्वभावच असा की ते विक्रेत्याकडून कागद मागतं. खरेदी करणाऱ्या बाजूच्या माणसांची प्रशिक्षणाची नोंद त्या लिफाफ्यात येत नाही. भांडारपाल शेवटचं कधी शिकला, नमुने काढणाऱ्यानं नवी पद्धत वाचली का, हे विचारण्याची जागा तिथे नाही. जे. जे. प्रकरणात दोन्ही बाजू उघड्या पडल्या होत्या. विक्रेत्याच्या बाजूची नोंदवही गेल्या काही दशकांत जाड होत गेली. दुसऱ्या बाजूच्या नोंदवहीचा इतिहास हा संशोधनाचा मोकळा विषय आहे. माहितीचा अधिकार वापरून तो कोणाला करता येईल, याचा विचार करा.

बजाजनगरातून बघितलं तर

आता वाळूजला येऊ. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला, म्हणजे जे. जे. प्रकरणाच्या आदल्याच वर्षी. त्याभोवती सुट्या भागांचे कारखाने आले, पुढे औषधांचे आणि इतरही आले. एमआयडीसीलगत बजाजनगर वसलं, आणि रांजणगाव, जोगेश्वरी, पंढरपूर, वडगाव कोल्हाटी ही गावं कामगारांच्या खोल्यांनी भरून गेली. बीड, जालना, परभणी, नांदेडहून आणि परराज्यांतूनही माणसं आली.

इथल्या कामाची रीत अशी की कायम कामगार थोडे आणि कंत्राटी, शिकाऊ, ठेकेदारामार्फत आलेले जास्त. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानं ठेकेदाराला परवाना आणि मूळ मालकाला नोंदणी लावली, पण शिकवायचं कोणी? कागदोपत्री माणूस ठेकेदाराचा, हात मात्र कारखान्याच्या लाइनवर. आज गाडीच्या सुट्या भागांच्या कारखान्यात, सहा महिन्यांनी औषधाच्या पॅकिंगला, दिवाळीनंतर आणखी कुठे.

हे 'अद्ययावत' या शब्दाशी कसं जुळवायचं? एसओपीच्या पहिल्या पानावर तीन तारखा असतात. मंजुरीची, अमलात येण्याची आणि पुढच्या आढाव्याची. पहिल्या दोन तारखांमध्ये मुद्दाम काही दिवस ठेवलेले असतात, ते प्रशिक्षणासाठीच. त्या दिवसांत सगळ्यांनी नवी आवृत्ती शिकायची आणि मगच ती लाइनवर लावायची. ही रचना धरून चालते की मंजुरीच्या दिवशी जो माणूस कामावर आहे तोच अमलात येण्याच्या दिवशीही असेल. ठेक्यावरच्या माणसाबाबत ते खरं असतंच असं नाही. मग घाईनं पंधरा-वीस एसओपींवर एकाच दिवशी सह्या होतात, त्याही इंग्रजी मजकुराखाली. तारखा बरोबर, गुण दहापैकी नऊ, फाइल स्वच्छ.

इतिहासाच्या विद्यार्थ्यानं अशा स्वच्छ फाइलकडे संशयानं बघायला शिकलं पाहिजे. एका दिवसात एका माणसानं किती पानं वाचली असतील, हा भागाकार करा. सगळ्यांची चुकलेली उत्तरं सारखीच आहेत का, बघा. सही मराठीत आणि प्रश्नपत्रिका इंग्रजीत असेल तर त्याची नोंद घ्या. नोंदवही खोटी आहे असा निष्कर्ष लगेच काढू नका. ती कोणासाठी लिहिली गेली, एवढं विचारा. तपासणीसाठी लिहिलेली नोंद तपासणीबद्दल खूप सांगते, शिकण्याबद्दल कमी.

कागद आणि वस्तू यांची फारकत झाली की काय होतं, याचं उदाहरण पनामाचं. २००३ मध्ये तिथे ४६ पिंपं आली. लेबल होतं ९९.५ टक्के शुद्ध ग्लिसरीन. माल चीनमधून निघून स्पेनमधल्या मध्यस्थामार्फत आला होता. वाटेत कागद बदलले, पिंपांतला द्रव बदलला नाही, आणि त्यात होतं डीईजी. त्यापासून २००६ मध्ये खोकल्याचं औषध बनवलं ते सरकारी सामाजिक सुरक्षा संस्थेच्या प्रयोगशाळेनं. शंभराहून जास्त माणसं गेली. इथे ग्राहक सरकार आणि उत्पादकही सरकारच. वाटेतल्या प्रत्येकानं आधीच्याचा कागद पुढे दिला. पिंप उघडून स्वतः तपासण्याचं काम सगळ्यांनी दुसऱ्यावर सोडलं.

मग प्रशिक्षित कोण?

कच्च्या मालाच्या गोदामात बऱ्याच ठिकाणी रंगीत स्टिकरांची पद्धत असते. पिवळं म्हणजे तपासणी बाकी, हिरवं म्हणजे मंजूर, लाल म्हणजे नाकारलेलं. समजा रात्रपाळीला एका ड्रमवर हिरवं स्टिकर नाही. बॅच अडलीय, सुपरवायझर फोनवर आहे, सरकारी ऑर्डरची मुदत जवळ आलीय. तीन महिन्यांपूर्वी लागलेला कंत्राटी कामगार तो ड्रम समोर बघतोय. स्टिकरांचा अर्थ त्याला माहीत आहे, त्या एसओपीवर त्याची सहीसुद्धा आहे. तो 'थांबा' म्हणेल का?

१९४५ च्या नियमाला हा माणूस दिसतच नाही. २००१ च्या नियमाला त्याची सही दिसते. २०२३ चा नियम त्याला शिकवलेलं कामात उतरतं का, असं विचारू पाहतो. पण 'थांबा' म्हणाल्यावर उद्या त्याचं गेटपास चालू राहील का, हा प्रश्न औषधांच्या नियमांत नाही. तो कामगार कायद्याच्या हद्दीत जातो, आणि हे दोन कायदे अभ्यासणारी माणसं एकमेकांना फारशी भेटत नाहीत. फार्मसीवाले अनुसूची एम वाचतात, समाजशास्त्रवाले कंत्राटी कामगार कायदा वाचतात. ड्रम मात्र एकच असतो.

संशोधनाचा विषय शोधत असाल तर अशा फटीत बघा. रसायनशास्त्र आलं पाहिजे, नाहीतर डीईजीची चाचणी का चुकते हे कळणार नाही. अधिसूचना वाचता आल्या पाहिजेत, नाहीतर क्रियापद कधी बदललं ते दिसणार नाही. आणि बजाजनगरात संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर चहाच्या गाडीवर उभं राहून माणसांशी बोलता आलं पाहिजे, त्यांची नावं न छापता, त्यांची नोकरी धोक्यात न घालता. त्यांना एवढंच विचारा : शेवटचं ट्रेनिंग कधी झालं, कोणत्या भाषेत झालं, आणि त्यातलं काय लक्षात आहे? उत्तरं लिहून घ्या, मग त्यांच्या शेजारी नियम ठेवा. त्या दोन कागदांमधलं अंतर मोजायला अजून फार कोणी बसलेलं नाही.